‘मल्कूथा’: अरामी भाषेतला राजेपणाचा शब्द कसा ओळखायचा, कसा सोडवायचा आणि मराठीत कसा आणायचा

मराठी बायबलात दानीएलचं पुस्तक उघडलं तर ‘राज्य’ हा शब्द पानोपानी भेटतो. राज्य दिलं, राज्य गेलं, राज्यात अधिकारी नेमले, दारयावेशाच्या राज्यात दानीएलाची भरभराट झाली. अध्याय २ ते ७ मधल्या या बहुतेक सगळ्या ‘राज्यां’च्या खाली मूळ अरामी शब्द एकच आहे. तो कुठे राजपदाचा अधिकार सांगतो, कुठे मुलूख, कुठे कारकीर्द, तर कुठे नुसतं ‘राज-’ असं विशेषण होऊन उभा राहतो. मराठीत सगळीकडे ‘राज्य’ म्हणून निभावतं खरं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दर वेळी नकाशा येतो. मूळ शब्दाचा रोख नकाशावर नाही, खुर्चीवर आहे. हा शब्द मूळ मजकुरात समोर आला की तो ओळखून, त्याचं रूप सोडवून, नेमका अर्थ कसा ठरवायचा, ते इथे क्रमाने देतो.

हाताशी काय हवं? हिब्रू-अरामी चौकोनी लिपीतली बावीस अक्षरं ओळखता यायला हवीत. रोज थोडा वेळ दिला तर ती लवकर बसतात. दानीएलचा मूळ पाठ आणि शेजारी मराठी बायबल ठेवा. दानीएलचा अरामी भाग २:४ च्या मध्यावर सुरू होतो आणि ७:२८ ला संपतो. बायबलातल्याच एज्राच्या पुस्तकात तो ४:८ ते ६:१८ आणि ७:१२ ते २६ असा आहे. एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो: मूळ पाठातले आणि मराठी बायबलातले ओवीक्रमांक काही अध्यायांत जुळत नाहीत. चौथ्या अध्यायात तीनचा फरक पडतो (मराठीतली ४:३० म्हणजे मुळातली ४:२७), सहाव्यात एकचा. खाली सगळीकडे मराठी बायबलाचे क्रमांक दिले आहेत.

पहिली पायरी: धातू

शब्दातली मूळ व्यंजनं तीन: मेम, लामेद, काफ. म-ल-क. अरामी, हिब्रू, अरबी या सगळ्या भगिनी भाषांत ही तीन अक्षरं राजा आणि सत्ता यांच्याभोवती फिरतात. अरामीत राजा म्हणजे ‘मल्का’, हिब्रूत ‘मेलेख’, अरबीत ‘मलिक’. मराठी माणसाला हा धातू अजिबात परका नाही. मालक, मालकी, मुलूख, मुलूखगिरी ही सगळी अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेली याच धातूची लेकरं. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावातही तेच बसलं आहे. आपल्याकडे उतरलेल्या शब्दांतही दोन छटा दिसतात: ‘मालकी’त हक्क आहे आणि ‘मुलूख’ात जमीन. ही फूट लक्षात ठेवा, पाचव्या पायरीला लागेल.

या धातूला आणखी एक अंग आहे, आणि नवशिक्याला ते हमखास फसवतं. अरामीत म-ल-क याचा दुसरा अर्थ ‘सल्ला’ असा होतो. प्राचीन बाबिलोनच्या अक्कदी भाषेतही ‘मिल्कु’ म्हणजे सल्लाच. दानीएल ४:२७ मध्ये दानीएल बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याला म्हणतो: ‘मल्का, मिल्की यिश्पर अलाख’. म्हणजे ‘महाराज, माझा सल्ला आपल्याला रुचो’. स्वरचिन्हं काढून टाकली तर पहिले दोन शब्द जवळजवळ सारखे दिसतात: म-ल-क-आलेफ आणि म-ल-क-योद. पहिला राजा, दुसरा ‘माझा सल्ला’. लेखकाने ही जोडी मुद्दाम जुळवली असावी असं मला वाटतं, पण ते असो. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की म-ल-क दिसलं म्हणून लगेच राजा समजायचं नाही. पुढचं अक्षर पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका.

दुसरी पायरी: ‘ऊ’चा प्रत्यय

मल्क- च्या पुढे ‘वाव’ हे अक्षर आलं आणि ते ‘ऊ’ असं वाचलं गेलं, की राजाचं भाववाचक नाम तयार होतं. दानीएलमध्ये तो उच्चार ‘मल्खू’ असा आहे. अरामीत हा ‘ऊ’ सर्रास चालतो. ‘रब’ म्हणजे मोठा, तर ‘रेवू’ म्हणजे मोठेपण. दानीएल ५:११ मध्ये राणी दानीएलाची शिफारस करते तेव्हा ‘नहीरू’ आणि ‘सोख्लेथानू’ असे दोन शब्द लागोपाठ येतात, म्हणजे बुद्धीचा प्रकाश आणि समज. दोन्हीला हाच प्रत्यय आहे. अक्कदीत राजाला ‘शर्रु’ म्हणत आणि राजेपणाला ‘शर्रूतु’. धातू वेगळा, पण प्रत्यय त्याच घराण्यातला.

मराठीत याला सगळ्यात जवळचा प्रत्यय ‘-पण’ किंवा ‘-ता’ नाही, ‘-की’ आहे. पाटील आणि पाटीलकी घ्या. ‘त्यांच्याकडे गावची पाटीलकी आली’ म्हटलं की आपण हुद्दा समजतो. ‘पाटीलकीचं उत्पन्न’ म्हटलं की वतनाची जमीन समजतो. ‘आजोबांच्या पाटीलकीत’ म्हटलं की काळ समजतो. आणि ‘फार पाटीलकी करू नकोस’ म्हटलं की वागणं. शब्द एकच, पण मूळ अर्थ हुद्द्याचा आणि बाकीचे त्यातून निघालेले. ‘मल्खू’ची वागणूक अगदी अशीच आहे. त्यामुळे माझा नियम असा: कुठेही हा शब्द आला की आधी ‘राजेपण’ हा अर्थ लावून पाहायचा, आणि वाक्यानेच हट्ट धरला तरच मुलूख किंवा कारकीर्द यांकडे वळायचं. बहुतेक भाषांतरं उलट्या क्रमाने चालतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

तिसरी पायरी: तीन रूपं

अरामी नाम तीन अवस्थांत येतं. त्यांना मी इथे केवल रूप, जोडरूप आणि निश्चित रूप म्हणतो.

केवल रूप: मल्खू. अक्षरं मेम, लामेद, काफ, वाव. अर्थ ‘एक राज्यसत्ता’, अनिश्चित.
जोडरूप: मल्खूथ. शेवटी ताव वाढला. अर्थ ‘अमक्याची राज्यसत्ता’. पुढे तो अमका यायलाच हवा.
निश्चित रूप: मल्खूथा. तावनंतर आलेफ. अर्थ ‘ती राज्यसत्ता’.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं सामान्यरूप होतं: घोडा, पण घोड्याचा; भिंत, पण भिंतीला. अरामीतला तो ‘थ’ असाच मुळात दडून बसलेला असतो. केवल रूपात गळतो आणि पुढे काही जोडलं की बाहेर येतो.

तिन्ही रूपं दानीएलमध्ये सापडतात. २:३९ मध्ये ‘तेकूम मल्खू ओहोरी’, ‘दुसरी एक राज्यसत्ता उभी राहील’. अजून आलेली नाही, ओळख नाही, म्हणून केवल रूप. ४:३ मध्ये ‘मल्खूथेह मल्खूथ आलम’, ‘त्याचं राजेपण हे अनंतकाळचं राजेपण’. मधला ‘मल्खूथ’ पुढच्या ‘आलम’ला हात धरून उभा आहे, म्हणून जोडरूप. ५:३१ मध्ये दारयावेश मेदी ‘कब्बेल मल्खूथा’, त्याने ते राज्य स्वीकारलं. कोणतं ते वाचकाला माहीत आहे, आदल्याच ओवीत बाबिलोनचा राजा बेलशस्सर मारला गेला, म्हणून निश्चित रूप.

दानीएल सोडून सिरियाक ग्रंथांकडे गेलात, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या अरामीकडे, तर हा नियम तसाच्या तसा नेऊ नका. सिरियाकमध्ये निश्चित रूपच सगळीकडे चालू लागलं. तिथे ‘मल्कूथा’ म्हणजे ‘ती’ असेलच असं नाही, ‘एक’ही असू शकते. नव्या अभ्यासकांच्या भाषांतरांत विनाकारण ‘ते, ते’ घुसतं ते यामुळेच.

अनेकवचनात ‘ऊ’चा ‘व’ होतो: केवल ‘मल्ख्वान’, जोडरूप ‘मल्ख्वाथ’, निश्चित ‘मल्ख्वाथा’. ‘या सगळ्या राज्यसत्ता’ असं २:४४ मध्ये आहे, तिथे ‘मल्ख्वाथा’ दिसेल.

आता दिसायला सारखे तीन शब्द वेगळे करायला शिका. मेम-लामेद-काफ-आलेफ म्हणजे मल्का, राजा. मेम-लामेद-काफ-ताव-आलेफ म्हणजे राणी, ‘मल्केथा’. ती ५:१० मध्ये मेजवानीच्या दालनात येते. आणि याच राणीच्या पोटात एक वाव घातला की मल्खूथा, राजेपण. जुन्या हस्तलिखितांत स्वरचिन्हं नसत, म्हणून सगळा भार त्या एका वाववर असतो. आणखी एक सूचना: दानीएलचे पहिला आणि आठ ते बारा हे अध्याय हिब्रूत आहेत, आणि हिब्रूतही ‘मल्खूथ’ हा शब्द आहे. ८:१ मधला ‘मल्खूथ’ पाहून अरामी जोडरूप सापडलं असं वहीत टिपू नका.

उच्चाराबद्दल थोडं

वर मी कुठे ‘मल्खूथा’ लिहिलं, कुठे ‘मल्कूथा’. ही चूक नाही. बायबलच्या अरामीत या शब्दातला काफ घासून उच्चारतात, खाकरल्यासारखा ‘ख’, तर राजा म्हणजे ‘मल्का’ यातला काफ ठणठणीत ‘क’. सिरियाकमध्ये दोन्हीकडे ‘क’च राहतो. शेवटचा ‘थ’ही मराठी ‘थाळी’तला नव्हे, जीभ दातांत धरून वारा सोडायचा. केरळातल्या सिरियाक परंपरांत पूर्वेकडची उच्चारपद्धत ‘मल्कूथा’ म्हणते आणि पश्चिमेकडची ‘मल्कूथो’, कारण तिथे शेवटचा ‘आ’ ‘ओ’ होतो. सिनेगॉगात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, बहुतेक ठिकाणी साधं ‘मल्खूता’ ऐकू येईल. यांतला कोणता ‘खरा’, या वादात पडू नका. कोणत्या ग्रंथाचा कोणता उच्चार एवढं ठरवून पुढे चला.

चौथी पायरी: लिंग, आणि क्रियापदाकडून साक्ष

‘ऊ’कारान्त भाववाचक नामं स्त्रीलिंगी. हे पाठ करण्यापेक्षा वाक्यात पकडायला शिका, कारण अरामीत क्रियापद, सर्वनाम, विशेषण सगळं लिंगाप्रमाणे वळतं. मराठी माणसाला हे सोपं जातं. ‘सत्ता गेली’ आणि ‘अधिकार गेला’ यांतला फरक आपण विचार न करता करतो.

सगळ्यात चांगला धडा भिंतीवरच्या लेखाचा. बेलशस्सराच्या मेजवानीत भिंतीवर जे उमटलं त्याचा अर्थ दानीएल ५:२६ मध्ये असा सांगतो: ‘मेने: मेना एलाहा मल्खूथाख वे-हश्लेमाह’. एकेक शब्द सोडवू. ‘मेना’ म्हणजे मोजलं. ‘एलाहा’ देवाने. ‘मल्खूथाख’ म्हणजे मल्खूथ अधिक ‘-आख’, ‘तुझं’. शेवटी ‘वे-हश्लेमाह’: ‘वे’ म्हणजे आणि, ‘हश्लेम’ म्हणजे पुरं केलं, संपवलं, आणि टोकाचा ‘-आह’ म्हणजे ‘तिला’. ती कोण? मल्खूथ. त्या चिमुकल्या ‘-आह’मुळे कळतं की देवाने बेलशस्सराला नव्हे, त्याच्या राजेपणाला मोजून संपवलं. माणूस त्याच रात्री मेला ते वेगळं, ते ओवी ३० मध्ये येतं.

दोन ओव्या पुढे, ५:२८: ‘पेरेस: पेरीसथ मल्खूथाख वीहीवथ ले-मादाय ऊ-फारास’. ‘पेरीसथ’ म्हणजे तोडली गेली, ‘येहीवथ’ म्हणजे दिली गेली. दोन्हींच्या शेवटी स्त्रीलिंगी ‘-अथ’. कर्ता मल्खूथाख. शिवाय प-र-स ही अक्षरं ‘तोडणे’ आणि ‘पारस’, म्हणजे इराण, दोन्हींकडे ओढली आहेत. एवढ्या छोट्या ओळीत भविष्य, कोटी आणि व्याकरण बसवलं आहे, म्हणून हीच ओवी मी सरावाला आधी देतो.

स्त्रीलिंग म्हटलं की नेटवर एक भोंगळ युक्तिवाद सापडतो: हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून मूळ अर्थ ‘राणीचं राज्य’ किंवा ‘मातृशक्ती’. याला काडीचा आधार नाही. सत्ता, गादी, खुर्ची, पाटीलकी हे सगळे आपल्याकडे स्त्रीलिंगीच आहेत, आणि त्यांवर शतकानुशतकं कोण बसलं ते आपल्याला माहीत आहे. असल्या गोड व्युत्पत्ती दिसल्या की सरळ कोश उघडावा. अमेरिकेतल्या हिब्रू युनियन कॉलेजचा अरामी कोश नेटवर फुकट पाहता येतो; त्यात केवल आणि निश्चित ही दोन्ही रूपं एकाच नोंदीत देण्याची पद्धत आहे.

पाचवी पायरी: सोबतीवरून अर्थ

आता खरं काम. शब्द कोणाच्या संगतीत आहे त्यावरून अर्थ ठरतो.

देणं, घेणं, मिळणं, जाणं अशी क्रियापदं असतील, किंवा शेजारी बळ, मान, वैभव अशी भाववाचक नामं रांगेत असतील, तर तिथे राजेपण, राजसत्ता. २:३७ मध्ये स्वर्गाच्या देवाने नबुखद्नेस्सराला ‘मल्खूथा, सामर्थ्य, बळ आणि प्रतिष्ठा’ दिली असं आहे. या यादीत मुलूख बसत नाही. ४:३१ मध्ये आकाशातून वाणी येते: ‘मल्खूथा अदाथ मिन्नाख’, ‘राजेपण तुझ्याकडून निघून गेलं’. पुढे राजा वेडा होऊन बैलासारखं गवत खातो, बाबिलोनचा मुलूख मात्र जागच्या जागी असतो. म्हणजे गेलं ते पद.

सुमेरच्या जुन्या राजावळीची सुरुवात ‘राजेपण स्वर्गातून खाली उतरलं तेव्हा’ अशी आहे. राजेपण ही वरून उतरणारी आणि परत घेतली जाणारी वस्तू, ही कल्पना त्या मुलखात दानीएलच्या कितीतरी आधीपासून मुरलेली होती. ४:३१ वाचताना ती मनात असू द्या.

‘ब-’ म्हणजे ‘-मध्ये’ हा उपसर्ग असेल आणि आत माणसं, अधिकारी, नेमणुका असतील, तर मुलूख. ६:१ मध्ये दारयावेश मल्खूथावर १२० क्षत्रप, म्हणजे प्रांताधिकारी, नेमतो, ते ‘बे-खोल मल्खूथा’, सगळ्या मुलखात असावेत म्हणून. (हा क्षत्रप शब्द मूळचा इराणी. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाच्या नावामागे लागलेला क्षत्रप तोच.) तरीही त्याच वाक्यातला पहिला मल्खूथा, ‘वर नेमले’ मधला, मला राज्यकारभाराकडे झुकलेला वाटतो. एका वाक्यात दोनदा आलेला शब्द दोन्ही वेळा एकाच अर्थाने घ्यायलाच हवा, असं नाही.

राजाचं नाव आणि सालाचा आकडा असेल तर कारकीर्द, आणि हा सगळ्यात बिनचूक प्रकार. एज्रा ६:१५: ‘शेनथ शेथ ले-मल्खूथ दारयावेश मल्का’, दारयावेश राजाच्या कारकिर्दीचं सहावं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५१५, यरुशलेमचं मंदिर पुरं झालं ते साल. इथे ‘दारयावेशाच्या राज्याचं’ म्हटलं तर मराठी वाचक क्षणभर अडखळतो, ‘कारकीर्द’ लिहा.

घर, सिंहासन, राजवाडा यांना जोडून आला तर विशेषणासारखा. ४:३० मध्ये नबुखद्नेस्सर छाती फुगवून म्हणतो की ही थोर बाबेल मी ‘ले-बेथ मल्खू’ बांधली. शब्दशः ‘राजेपणाच्या घरासाठी’, मराठीत ‘राजनिवास म्हणून’. ५:२० मधलं ‘कोर्से मल्खूथेह’ म्हणजे त्याचं राजसिंहासन.

एकच वाक्य दोन अर्थांच्या मध्ये लोंबकळतं, असंही घडतं. २:४४ घ्या. देव अशी एक ‘मल्खू’ उभी करील की जी कधी नष्ट होणार नाही, आणि लगेच पुढे ‘ऊ-मल्खूथाह’ दुसऱ्या लोकांच्या हाती सोपवली जाणार नाही. या दुसऱ्या रूपाच्या शेवटी आलेफऐवजी ‘हे’ अक्षर आहे. ते निश्चित रूपाचंच वेगळं लेखन मानलं तर अर्थ ‘ते राज्य’. ‘तिचं’ हे सर्वनाम मानलं तर ‘त्या राज्याचं राजेपण’. दुसरं वाचन घेतलं तर पहिला शब्द राज्यसत्ता आणि दुसरा तिच्यावरचा हक्क, आणि ‘दुसऱ्यांच्या हाती जाणार नाही’ याला धार येते. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

शेजारी ‘शोल्तान’ हा शब्दही वारंवार दिसेल, अधिकार या अर्थाने. ७:१४ मध्ये ‘शोल्तान, वैभव आणि मल्खू’ ही तिन्ही एकाला दिली जातात. आपला ‘सुलतान’ याच घराण्यातला. आधी अधिकाराचं नाव, मग अधिकार गाजवणाऱ्याचं. अस्मानी-सुलतानी म्हणणाऱ्यांना ही ओवी मराठीत आणताना मौज वाटेल, पण भाषांतरात ‘सुलतानी’ लिहू नका.

सहावी पायरी: प्रार्थनांवर हात बसवणे

सगळं एकदा कसाला लावायचं तर ख्रिस्ती लोकांच्या प्रभूच्या प्रार्थनेइतकं सोयीचं काही नाही, कारण मराठी ओळी पाठ असतात. मत्तय ६:९-१० सिरियाकमध्ये असं आहे: ‘नेथ्कद्दश श्माख, तेथे मल्कूथाख, नेह्वे सेव्यानाख’. तुझं नाव पवित्र मानलं जावो, तुझं राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तीन क्रियापदांची पहिली अक्षरं पाहा: ने-, ते-, ने-. सिरियाकमध्ये ‘ने-’ हा तृतीयपुरुषी पुल्लिंगी उपसर्ग आणि ‘ते-’ स्त्रीलिंगी. नाव आणि इच्छा हे शब्द तिथे पुल्लिंगी, मल्कूथा तेवढी स्त्रीलिंगी, म्हणून मध्येच चाल बदलते. हाच ‘ते-’ ‘तू’ साठीही वापरतात, त्यामुळे ‘तेथे’ सुटं पाहिलं तर ‘तू येशील’ असंही वाचता येतं. पुढचा कर्ता पाहूनच निर्णय होतो.

अर्थाचं काय? ‘येवो’ हे क्रियापद मुलखाला शोभत नाही, मुलूख चालत येत नाही. इथे राजेपण, राजवट हाच अर्थ. रूढ ‘तुझे राज्य येवो’ मी बदलायला सुचवणार नाही, कारण मराठीतही ‘राज्य येणं’ याचा अर्थ पाळी येणं, सूत्रं हाती येणं असा होतोच. लपाछपीत ‘तुझ्यावर राज्य आलं’ म्हणताना कोणी नकाशा काढत नाही. मत्तय ४:१७ मधली ‘मल्कूथा द-श्मय्या’, म्हणजे ‘स्वर्गाचं राज्य’, ही मात्र आकाशातल्या एखाद्या देशासारखी ऐकू येते. तिथे क्रियापद ‘केर्बथ’ आहे, स्त्रीलिंगी, ‘जवळ आली आहे’. टीप देणार असाल तर इथे द्या.

आता शेजारी यहुद्यांचा कद्दिश, म्हणजे त्यांची अरामीतली स्तुतिप्रार्थना, ठेवा. अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई इथल्या बेने इस्राएल सिनेगॉगांतही तो म्हटला जातो, आणि पिढ्यान् पिढ्या घरी मराठी बोलणाऱ्या लोकांच्या तोंडी ही अरामी वाक्यं आहेत. सुरुवात ‘यित्गद्दल वे-यित्कद्दश श्मेह रब्बा’, त्याचं थोर नाव मोठं आणि पवित्र मानलं जावो. पुढे ‘वे-यम्लीख मल्खूतेह’. ‘यित्कद्दश’ आणि वरचा ‘नेथ्कद्दश’ हे एकच क्रियापद. एकीकडे ‘य’, दुसरीकडे ‘न’, एवढा बोलीभेद. ‘यम्लीख’ म्हणजे राज्य करायला लावो, चालू करो, हे म-ल-क धातूचंच प्रयोजक रूप. म्हणजे ‘तो आपलं राजेपण राजेपणाने चालवो’. मराठीत धातू दोनदा आणला की ओळ खटकते. ‘तो आपली राजवट प्रस्थापित करो’ एवढं पुरे.

आणखी एक उदाहरण, अर्थाचा प्रश्न निकालात काढणारं. निर्गम १५:१८ चं हिब्रू वाक्य ‘परमेश्वर सदासर्वकाळ राज्य करील’ असं आहे, क्रियापदाने. सिनेगॉगात त्याचं जे जुनं अरामी रूपांतर म्हणतात ते असं: ‘मल्खूतेह काएम ले-आलम’, ‘त्याचं राजेपण अनंतकाळ टिकून आहे’. क्रियापदाच्या जागी अरामी भाषांतरकाराने आपला शब्द बसवला. ज्या शब्दाने ‘राज्य करणं’ सरळ भाषांतरित होतं, तो जमिनीच्या तुकड्याचं नाव असू शकत नाही.

लेख आणि नाणी वाचायची असतील तर

बायबलपलीकडे अरामी वाचणाऱ्याला मल्खूथापेक्षा ‘मल्का’ जास्त भेटतो. कंदाहारला १९५८ मध्ये सापडलेल्या अशोकाच्या ग्रीक-अरामी शिलालेखात सम्राटाचा उल्लेख ‘आमचा स्वामी प्रियदर्शी मल्का’ असा आहे. ‘मल्का’ हे निश्चित रूप, टोकाला आलेफ. सासानी इराणच्या नाण्यांवर तर ‘मल्कान मल्का’ अशी अरामी अक्षरं कोरून ती ‘शाहान शाह’ अशी वाचत. तिथे अरामी शब्द नुसत्या चिन्हासारखा वापरला आहे, म्हणून तिथल्या रूपांना वरचे व्याकरणाचे नियम लावायला जाऊ नका.

स्वतः करून पाहायला

दानीएलचा सातवा अध्याय घ्या आणि ओवी १७ पासून २७ पर्यंत प्रत्येक म-ल-क ला वरच्या क्रमाने पारखा: पुढचं अक्षर, मग अवस्था, मग लिंगाची साक्ष, मग संगत. ओवी १७ मध्ये चार पशू म्हणजे ‘अर्बआ मल्खीन’, चार राजे. ओवी २३ मध्ये मात्र चौथा पशू म्हणजे ‘मल्खू रेवीआया’, चौथी राज्यसत्ता. जुन्या ग्रीक भाषांतरांनी १७ मध्येच ‘राज्यं’ लिहून हा खडा काढून टाकला, लॅटिननेही तेच केलं. अरामी पाठ तसाच ठेवायचा की ग्रीकांच्या मागे जायचं? मी अरामी पाठच ठेवतो. दानीएलमध्ये राजा आणि त्याचं राजेपण यांची सरमिसळ सहज होते. २:३८ मध्ये ‘सोन्याचं मस्तक तू आहेस’ असं राजाला सांगून पुढच्याच ओवीत ‘तुझ्यानंतर दुसरी राज्यसत्ता’ असं येतं, तेव्हा कोणी पाठ बदलत नाही. ओवी २७ मधला ‘मल्खूथेह’ मात्र जपून सोडवा. त्यातला ‘-एह’ म्हणजे ‘त्याचं’, पण तो कोण, परात्पर देव की त्याच ओवीत आलेला ‘अम’, म्हणजे लोकसमूह? अरामीत ‘अम’ पुल्लिंगी एकवचनी आहे, त्यामुळे व्याकरण दोघांनाही वाट देतं.